तक्रारीचा परवाना

श्टुटगार्टमध्ये भाड्याचं घर मिळालं की त्यात सगळं असतं. स्वयंपाकघर तेवढं नसतं. म्हणजे खोली असते. भिंतीतून बाहेर आलेली नळाची दोन तोंडं असतात, शेगडीसाठी एक जाडजूड वायर असते आणि ओटा जिथं असायला हवा तिथं तो उचकटून नेल्याची खूण असते. जर्मनीत घर सोडताना अनेक भाडेकरू ओटा, कपाटं, बेसिन आणि बरेचदा दिवेसुद्धा बरोबर नेतात, कारण येताना ते त्यांनीच आणलेले असतात. सदाशिव पेठेत वाढलेल्या एका गृहस्थाला ही माहिती किल्ल्या हातात पडल्यावर मिळाली. छतातून लोंबणाऱ्या वायरींकडे बघत त्याची बायको म्हणाली, "अरे, घर दाखवायला आणलंस की चोरीचा पंचनामा करायला?"

आणि हे घरही सुखासुखी मिळालेलं नव्हतं. श्टुटगार्टमध्ये घर बघायला जाणं म्हणजे उलटे कांदेपोहे: पोहे मिळत नाहीत आणि पसंती एकाच बाजूची. पगाराच्या तीन स्लिपा, आपण कुणाचे पैसे बुडवले नसल्याचा दाखला, कंपनीचं पत्र, शिवाय आपण कुत्रा पाळत नाही आणि तबला वाजवत नाही असं निवेदन. भाड्याचेही दोन प्रकार. 'थंड' भाडं नुसत्या भिंतींचं, 'उबदार' भाड्यात हीटिंग, पाणी वगैरे. अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन थंड भाड्यांएवढी घ्यावी असं कायदा सांगतो, आणि 'जास्तीत जास्त' हे शब्द सोडून बाकीचा कायदा सगळे घरमालक पाळतात. तळमजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी सगळे कागद चष्मा बदलून वाचले आणि एकच प्रश्न विचारला.

"जिना झाडता येतो का?"

गृहस्थाकडे इंजिनिअरिंगची पदवी होती, पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात शिकून मिळवलेलं बी-वन पातळीचं प्रमाणपत्र होतं. झाडण्याचा कागद नव्हता. तो "हो" म्हणाला. सदाशिव पेठेतल्या त्याच्या आईनं हे ऐकलं असतं तर तिला तिथंच भोवळ आली असती.

परदेशी जाणारा मराठी माणूस कायमचा कधीच जात नाही. तो दोन वर्षांसाठी जातो. बाणेरच्या फ्लॅटचं कर्ज फिटेपर्यंत, प्रोजेक्ट संपेपर्यंत, मुलगी पहिलीत जाईपर्यंत. ही दोन वर्षं किती वर्षांची असतात, ते तिकडच्या गणेशोत्सवात पहिल्या रांगेत बसून नातवंडांशी जर्मनमध्ये बोलणाऱ्या आजोबांना विचारावं. तेही दोन वर्षांसाठीच आले होते. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या, पीएच.डी. केली आणि १९३० साली परत आल्या. दोन वर्षं म्हणजे खरोखर दोन वर्षं, असं करून दाखवणारी माणसं तेव्हाही थोडीच असावीत. पुढं १९६० साली पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' पुस्तकरूपानं आली आणि परदेशात पाऊल ठेवलेल्या प्रत्येक मराठी माणसाला आपणही लिहिलंच पाहिजे असं वाटू लागलं. प्रस्तुत लेख हा त्याच साथीतला आणखी एक रुग्ण.

तर भाषा. मॅक्सम्युलर भवनातलं जर्मन श्टुटगार्टच्या विमानतळापर्यंत उत्तम चाललं. टॅक्सीवाल्यानं तोंड उघडलं आणि ते संपलं. इथली बोली श्वेबिश. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यानं १९९९ साली जाहिरातमोहीम काढली तेव्हा मोठ्या अभिमानानं सांगितलं की आम्हाला सगळं जमतं, फक्त शुद्ध जर्मन तेवढं जमत नाही. सरकारी जाहिरातीत इतकं खरं बोलल्याचं दुसरं उदाहरण शोधावं लागेल. महाराष्ट्र सरकारनं २०२४ च्या फेब्रुवारीत याच राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, पहिल्या टप्प्यात १०,००० तरुण पाठवायचं ठरलं, त्यांच्यासाठी जर्मनचे वर्ग काढायचं ठरलं. कुठलं जर्मन, असं कुणी विचारलेलं दिसत नाही. गृहस्थाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, नुसतं मान हलवायला शिकवा. बाकीचं तिथं गेल्यावर कुणालाच कळत नाही.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो. त्या अर्जात धर्माचा रकाना असतो. पेठेतल्या माणसाला धर्म विचारला की त्याच्या अंगात चार पिढ्या येतात. गृहस्थ जोडपत्र मागणार होता, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतल्या केरळी ख्रिश्चन मुलानं कानात सांगितलं की कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं तर इथं आयकराच्या आठ टक्के इतका चर्च-कर पगारातून परस्पर कापला जातो. तो बिचारा स्वतः पेन हवेत धरून बसला होता. श्रद्धा आणि आठ टक्के यांचा हिशेब त्याच्या कपाळावर दिसत होता. गृहस्थानं रकाना भरला आणि रात्री पुण्याला फोन लावला.

"बाबा, हिंदू असल्यामुळे कर वाचला."

"मग इतकी वर्षं आम्ही काय सांगत होतो?" बाबा म्हणाले.

वाचलेले पैसे फार दिवस वाचले नाहीत. टीव्ही-रेडिओची वर्गणी भरा, असं पत्र आलं: महिना १८.३६ युरो. गृहस्थानं सविस्तर उत्तर लिहिलं की आमच्याकडे टीव्ही नाही, रेडिओ नाही, बातम्या बघायची इच्छा नाही आणि असती तरी श्वेबिश कळत नाही. उलट टपाली उत्तर आलं. त्याचा मथितार्थ असा की तुमच्याकडे घर आहे, तेवढं पुरे. वर्गणी घराला लागते, टीव्हीला नाही. यानंतर पत्रांचा ओघ लागला. जर्मनी मोटारी बनवणारा देश आहे असा जगाचा समज आहे. तो खरं तर लिफाफे वापरणारा देश आहे. विमा पत्रानं येतो, बँकेचा पिन पत्रानं येतो, करदात्याचा अकरा आकडी क्रमांक पत्रानं येतो. हा क्रमांक जन्मभर पुरतो आणि नवजात बाळालाही मिळतो. गृहस्थाच्या धाकट्या मुलीला तिचा पहिला पत्रव्यवहार करखात्याशी करावा लागला, तेव्हा तिची मान अजून धरत नव्हती.

कचऱ्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, पण चहाच्या पिशवीबद्दल कमी. चहा झाल्यावर त्या पिशवीतला चोथा ओल्या कचऱ्यात, लेबल कागदात, बाहेरचं प्लॅस्टिकचं वेष्टण पिवळ्या पिशवीत आणि ती धातूची सूक्ष्म पिन घेऊन माणूस स्वयंपाकघराच्या मध्यभागी उभा. काचेच्या बाटल्यांना पांढरा, तपकिरी आणि हिरवा असे तीन डबे. निळी बाटली हिरव्या डब्यात टाकायची. का, तर तसा नियम आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या यंत्राला बाटली चारली की परत मिळते; पण बाटली चेपलेली असली तर यंत्र ती तोंडातून बाहेर टाकतं. गृहस्थानं एका रविवारी सकाळी पिशवीभर रिकाम्या बरण्या नेऊन काचेच्या डब्यात टाकायला सुरुवात केली. पहिल्या बरणीला एक खिडकी उघडली, दुसरीला तीन. रविवारी काच फोडायची नसते. रविवारी ड्रिल चालवायचं नसतं, गवत कापायचं नसतं, दुकानं उघडायची नसतात. रविवारच्या विश्रांतीचं कलम १९१९ च्या वायमार घटनेतून उचलून आजच्या घटनेत जसंच्या तसं ठेवलेलं आहे. ओल्या नारळाची चटणी मिक्सरवर वाटली तर घटनेचा भंग होतो का, यावर नवराबायकोत बराच काळ कुजबुजत्या आवाजात वाद झाला. चटणी शेवटी पाट्यावर वाटावी असं ठरलं. पाटा नव्हता.

आणि मग दारावर ती पाटी येऊन लटकली.

छोटी लाकडी पाटी, तिला सुतळी, वर एकच शब्द: केअरवोखे. झाडण्याचा आठवडा. ज्याच्या दारावर पाटी, त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा आणि पुसायचा. आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दारावर. हा 'छोटा' केअरवोखे. 'मोठ्या'त फूटपाथ, तळघर, कचऱ्याच्या डब्यांची जागा आणि हिवाळ्यात बर्फही येतो. ही प्रथा कालपरवाची नाही. १४९२ साली, कोलंबस अमेरिकेकडे निघाला त्याच वर्षी, दाढीमुळे प्रसिद्ध असलेल्या काउंट एबरहार्डनं श्टुटगार्टच्या लोकांना दर आठवड्याला आपापली घाण शहराबाहेर नेण्याचा हुकूम दिला. १७१४ मध्ये गल्ल्या झाडण्याचा स्वतंत्र नियम झाला. १९८८ साली नगरपालिकेनं हा नियम रद्द केला. श्टुटगार्टकरांनी बातमी वाचली आणि झाडत राहिले. भाडेकरारात कलम असतंच, आणि घरमालकीणबाईंना कलमाचीही गरज नव्हती.

पहिल्या शनिवारी गृहस्थानं जिना झाडला. बाई दार उघडून बाहेर आल्या, वाकल्या, एका पायरीच्या कोपऱ्यात बोट फिरवलं आणि बोट त्याला दाखवलं. दुसऱ्या वेळी त्यांनी दाखवलं की पायऱ्या वरून खाली झाडायच्या असतात. तिसऱ्या वेळी कठडा. एकदा त्यानं शुक्रवारी रात्रीच झाडून टाकलं, तर बाई म्हणाल्या की काम छान झालं आहे, पण शनिवारी शेजारपाजारच्यांना तुम्ही झाडताना दिसला नाहीत. झाडलेलं असण्यापेक्षा झाडताना दिसणं महत्त्वाचं, हे तत्त्व गृहस्थाला ओळखीचं वाटलं. ऑफिसात त्यानं दहा वर्षं तेच केलं होतं.

नंतरच्या एका शनिवारी बाई बाहेर आल्या, कोपरे बघितले, कठडा बघितला, काही न बोलता आत गेल्या. गृहस्थ घाबरून वर आला. म्हणाला, "आज काहीच बोलल्या नाहीत. घर खाली करायला सांगणार बहुतेक." बायकोनं ऑफिसातल्या श्वाबी, म्हणजे श्वेबिश बोलणाऱ्या, मैत्रिणीला फोन केला. मैत्रीण किंचाळली. श्वाबी लोकांत अशी म्हण आहे की रागावलं नाही म्हणजे भरपूर कौतुक केलं. त्या संध्याकाळी घरात शिरा झाला.

याच सुमारास गृहस्थाला एकेक गोष्ट उमगत गेली. इमारतीच्या नियमावलीत दुपारी एक ते तीन शांततेची वेळ होती. जिन्यात पाट्या होत्या: सायकल टेकवू नये, दार आपटू नये, चपला बाहेर काढू नयेत, आणि एक नुसतीच उद्गारचिन्हाची. इथली माणसं कौतुक करत नव्हती, पैसे उधळत नव्हती, दोन वाक्यांत होणारं काम एका वाक्यात आणि तेही अपमान करून करत होती. दुकानात गिऱ्हाइकाकडे बघण्याची नजर त्यानं लहानपणापासून पाहिलेली होती. इतकी वर्षं बाणेरच्या आठव्या मजल्यावर राहून तो ज्या पुण्याला मुकला होता ते इथं नेकार नदीच्या काठी, उत्तम स्थितीत, सुरू होतं. तक्रार एकच होती. श्टुटगार्टचं भगिनी-शहर मुंबई आहे, १९६८ पासून. ही गफलत कुणी केली, याची चौकशी करणारं पत्र त्यानं नगरपालिकेला लिहायला घेतलं होतं; बायकोनं काढून घेतलं.

उलट्या दिशेनं गेलेला माणूसही याच भागातला. गुंथर सोंथायमर १९३४ साली उल्मला जन्मले, म्हणजे श्टुटगार्टहून फार तर शंभर किलोमीटरवर. शिकले हिंदू कायदा, आणि रमले कुठं, तर धनगरांच्या वाड्यांवर. खंडोबा, बिरोबा, म्हसोबा यांच्या मागं ते महाराष्ट्रभर हिंडले, मराठीत बोलले, ओव्या गोळा केल्या, वारीवर चित्रपट केला. १९९२ मध्ये ते गेले तेव्हा हळहळणाऱ्यांत जेजुरीकडची माणसंही होती. जिने, कोपरे आणि कठडे सोडून हा माणूस माळरानावर भंडाऱ्यात न्हायला का गेला असेल, याचं उत्तर गृहस्थाला कठडा पुसताना अनेकदा सुचलं आहे.

ऑफिसात मात्र बर्फ फुटत नव्हता. सकाळी 'मॉर्गन', दुपारी 'मालत्साइट', संध्याकाळी काहीतरी पुटपुट. गृहस्थानं ताजमहालाबद्दल बोलून पाहिलं, योगाबद्दल बोलून पाहिलं, एकदा डबा भरून बटाटेवडे नेले. सहकाऱ्यांनी वडे खाल्ले, आभार मानले आणि आपापल्या खुर्च्यांवर गेले. मग एके सकाळी त्याची गाडी उशिरा आली आणि तो दारातूनच कडाडला, "हा काय देश आहे?" पाच खुर्च्या गर्रकन वळल्या. विभागप्रमुख स्वतः कॉफी घेऊन आले.

कारण श्टुटगार्टकराच्या हृदयाला हात घालायचा रस्ता त्यांच्या मध्यवर्ती स्टेशनावरून जातो. जमिनीखाली नवं स्टेशन बांधायचं काम २०१० च्या फेब्रुवारीत सुरू झालं. ते २०१९ मध्ये उघडायचं होतं. खर्चाचा करार साडेचार अब्ज युरोंचा होता, तो अकरा अब्जांच्या पुढं गेला आणि उद्घाटनाची तारीख दरवेळी पुढच्या तारखेला भेटायला निघून गेली. दर सोमवारी त्याविरुद्ध निदर्शनं होतात. त्यात उमेदीत सामील झालेली माणसं आता पेन्शनवर आहेत. जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये ६२.५ टक्के वेळेवर पोचल्या. सहा मिनिटांच्या आतला उशीर उशीर धरत नाहीत आणि रद्द झालेली गाडी हिशेबातच येत नाही, तरीही ६२.५. गृहस्थानं हे आकडे पाठ केले. शिवाय त्याच्याकडे पुण्याची मेट्रो होती. तिचं भूमिपूजन २०१६ च्या डिसेंबरात झालं आणि पहिला टप्पा २०२२ च्या मार्चमध्ये धावला, हे सांगताना त्यानं मधल्या काळातलं कर्वे रस्त्याचं वर्णन असं केलं की विभागप्रमुखांचे डोळे पाणावले. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा घरी जेवायला बोलावणं आलं.

जेवायला माऊलटाशे होते. मैद्याच्या पारीत खिमा आणि पालक भरून शिजवलेले चौकोन. दंतकथा अशी की उपवासाच्या दिवसांत माउलब्रॉनच्या मठातल्या साधूंनी देवाला दिसू नये म्हणून मांस पारीत लपवलं. गृहस्थ मांस खात नव्हता, पण ही कथा ऐकून त्याला श्रावणातल्या कित्येक ओळखीच्या घरांची आठवण झाली. या पदार्थाला युरोपीय संघानं २००९ मध्ये भौगोलिक संरक्षण दिलं, आणि त्याच वर्षी कॉन्स्टन्समधल्या वृद्धाश्रमातल्या एका कर्मचारी बाईंना सहा उरलेले, टाकून द्यायचे माऊलटाशे घरी नेले म्हणून कामावरून काढलं. त्या बाईंनी खटला भरला. खालच्या न्यायालयानं मालकाची बाजू उचलून धरली. अपिलात २०१० मध्ये ४२,५०० युरोंवर तडजोड झाली. म्हणजे नगाला सात हजार युरोंच्या वर. विभागप्रमुखांच्या सौभाग्यवतींनी उरलेले पालकाचे चार माऊलटाशे डब्यात भरून दिले, तेव्हा गृहस्थानं ते पोचपावतीसह घेतले.

नागरिकत्वाची परीक्षाही त्यानं देऊन टाकली. ३३ प्रश्न, १७ बरोबर आले की उत्तीर्ण, वेळ तासाभराचा. ईस्टरला अंडी रंगवतात की झाड सजवतात, इथपासून संसदेपर्यंत. तो पाव तासात बाहेर आला, कारण पुण्यात स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसलेल्या माणसाला पर्याय दिले की त्याचा हात थांबत नाही. प्रमाणपत्राला त्यानं प्लॅस्टिकचं आवरण घातलं. नागरिकत्वाचा अर्ज आता पाच वर्षांनंतर करता येतो, पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. निळा पासपोर्ट जमा करून परदेशस्थ भारतीयाचं कार्ड घ्यावं लागतं. बायकोनं विचारलं, "मग अर्ज करायचा का?"

"कशाला?" तो म्हणाला. "दोन वर्षांत परतच जायचंय ना."

हे बोलताना तो बागेच्या प्रतीक्षायादीत स्वतःचा नंबर बघत होता. जर्मनीत अशा भाड्याच्या छोट्या बागा नऊ लाखांच्या आसपास आहेत आणि मोठ्या शहरांत त्यांची यादी वर्षानुवर्षं सरकत नाही. लोक त्यांना श्रेबरगार्टन म्हणतात. श्रेबर हे लाइपझिगचे डॉक्टर. ते १८६१ मध्ये वारले, त्यांच्या नावाची संस्था १८६४ मध्ये निघाली आणि बागांशी त्यांचा स्वतःचा काही संबंध नव्हता. ज्याचा संबंध नाही त्याचं नाव देण्याची ही पद्धत गृहस्थाला घरच्यासारखीच वाटली. १९८३ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे बाग ४०० चौरस मीटरच्या पुढं असू नये, आतली झोपडी २४ चौरस मीटरच्या पुढं जाऊ नये आणि तिथं कायमचं राहू नये. भाजी आणि फळं निदान एक तृतीयांश जागेवर हवीत, असं सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं २००४ साली सांगितलं. अखेर नंबर लागला, तेव्हा गृहस्थानं मेथी, कोथिंबीर, मिरची, दुधी आणि लाल भोपळा असं सगळ्या जागेवर लावलं. बागमंडळाचे अध्यक्ष मीटरची टेप घेऊन आले. भाजी पुरेशी नव्हे, फार झाली होती.

"विश्रांती कुठं घेता?" त्यांनी विचारलं.

गृहस्थानं मेथीच्या दोन वाफ्यांमध्ये ठेवलेली घडीची खुर्ची दाखवली. अध्यक्षांनी तिचीही मापं घेतली. नंतर कुंपण मोजलं, ते चार सेंटिमीटर उंच निघालं, आणि गृहस्थानं तिथल्या तिथं शेजारच्या बागेचं कुंपण सहा सेंटिमीटर उंच असल्याचं निदर्शनास आणून दिलं. अध्यक्षांनी त्याच्याकडे नव्यानं पाहिलं. पुढच्या वार्षिक सभेत तो कुंपण उपसमितीवर निवडून आला. त्या रात्री तो घोरलासुद्धा नाही, असं बायको सांगते. इतकी शांत झोप त्याला पगारवाढीनंतरही लागली नव्हती.

उन्हाळ्यात आईबाबा आले, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. आईनं पहिल्या आठवड्यात श्पेट्झले नावाच्या इथल्या शेवया पाडायचं लोखंडी यंत्र हुडकून काढलं आणि त्यातून शेव पाडली. फोडणीच्या धुरानं छतावरचा धूरसूचक कोकलला, तेव्हा बाबांनी त्याला वाकून "चालू आहे, चालू आहे" म्हटलं. बाबा सोसायटीचे माजी सचिव. परदेशाला त्यांचा तात्त्विक विरोध होता. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून एक वाजता आडवे झाले, ते तीनला उठले आणि बराच वेळ भिंतीकडे बघत बसले.

"हॉर्न नाही, भंगारवाला नाही, वरात नाही," ते म्हणाले. "एवढं शांत पुणं आमच्या कॉलेजच्या दिवसांत शेवटचं पाहिलं."

संध्याकाळी ते खाली उतरले. घरमालकीणबाई फूटपाथवर उभ्या होत्या. दोघांत समान भाषा एकही नव्हती. बाबांनी गटाराच्या जाळीपाशी पडलेलं सिगारेटचं थोटूक काठीनं दाखवलं.

"छ्याः!" बाबा म्हणाले.

"हा नोऽ!" बाई म्हणाल्या.

त्यानंतर रोज संध्याकाळी दोघं फूटपाथवर तास-तासभर उभे असत. चुकीच्या जागी लावलेली मोटार, अर्धवट झाकलेला डबा, समोरच्या घरातली कोमेजलेली फुलं. बाई श्वेबिशमध्ये बोलत, बाबा मराठीत, आणि कुणालाच कुणाचं म्हणणं दुसऱ्यांदा विचारावं लागत नसे. एक्याऐंशी वर्षांच्या बाई आठवड्यात दोनदा हसल्याचं वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूनं पाहिलं. नव्वद दिवस संपत आले तसे बाबा व्हिसा वाढवून मिळतो का म्हणून विचारू लागले. मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी त्या नियमाचं मनापासून कौतुक केलं आणि दारावरच्या पाटीचं माप कागदावर उतरवून घेतलं.

पुण्यात पोचल्यावर त्यांनी तशीच पाटी करून घेतली आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव मांडला. कुणीतरी म्हणालं, "काका, जिना झाडायला बाई येते की."

"तिला झाडू दे," बाबा म्हणाले. "आपण तिच्यानंतर झाडायचं."

ठराव मंजूर झाला, कारण चहा निवत होता. पाटी तळमजल्यावरून निघाली, पहिला, दुसरा आणि तिसरा मजला तिनं सुरळीत पार केला, आणि चौथ्या मजल्यावर अडकली. रविवारच्या फोनवर आता दुसरा विषय नसतो. "त्यांनी ती पाटी आत नेऊन ठेवली आहे," बाबा सांगत होते. "विचारलं तर म्हणतात, आमच्या दाराला शोभत नाही."

गृहस्थाच्या जर्मन घरात त्या वेळी घरमालकीणबाई शेवेचा डबा परत द्यायला आल्या होत्या. वडील इतके का चिडले आहेत, असं त्यांनी विचारलं. गृहस्थानं सगळं समजावून सांगितलं: पाटी, ठराव, चौथा मजला. बाई खुर्चीत बसल्या. कागद मागितला. पाटी अडवून ठेवणाऱ्या भाडेकरूला पहिली सूचना कशी द्यायची, मुदत किती घालायची आणि प्रत कुणाला पाठवायची, हे त्यांना गेली पन्नास वर्षं तोंडपाठ होतं. ते लोक भाडेकरू नाहीत, फ्लॅटचे मालक आहेत, असं गृहस्थानं सांगून पाहिलं. बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं.

पत्र सोमवारी रजिस्टर पोस्टानं पुण्याला गेलं, चौदा दिवसांच्या मुदतीसह, संपूर्ण जर्मनमध्ये. बाबा रोज पेटीपाशी पोस्टमनची वाट बघतात आणि पत्र अजून आलं नाही म्हणून पोस्टाकडे तक्रार करतात.